विडंबन, चरित्र आणि वाचक

लोकमान्य टिळक १९२० सालीं निवर्तले. केळकरकृत टिळकचरित्राचा पहिला खंड १९२३ सालीं निघाला, उरलेले दोन १९२८ सालीं. आणि मध्यें, १९२५ सालीं, 'केशवकुमार' अत्र्यांचीं 'झेंडूचीं फुलें'. या ग्रंथांचा वाचक पुष्कळ अंशीं एकच होता. विडंबनास तो हंसला, कारण रविकिरण मंडळाच्या कविता त्याच्या कानांत ताज्या होत्या. चरित्र वाचतांना टिळकांचे अग्रलेख त्याच्या स्मरणांत होते. 'येथें अन्याय झाला' असें म्हणण्याइतकें मूळ त्याजपाशीं होतें.

आमचे विद्यार्थी विडंबनावर मनमुराद हंसतात. मूळ कविता विचारली कीं माना खालीं घालतात. आम्ही तरी निराळे कोठें होतों? माधव जूलियनांकडे आम्ही प्रथम विडंबनांतूनच गेलों, आणि तो उपहास मनांतून पुसावयास आम्हांस कित्येक वर्षें लागलीं.

चरित्राचें याहून कठीण. केळकर टिळकांचे सहकारी, 'केसरी'चे संपादक. त्यांची निवड पुढच्या वाचकास निवड वाटतच नाहीं, साक्षात् टिळकच वाटतात. तिला हटकणारा समकालीन वाचक आतां हयात नाहीं. 'केसरी'चे जुने अंक मात्र आहेत. ते चरित्राशेजारीं उघडून बसलेला विद्यार्थी तीस वर्षांत आम्हांस एकच भेटला.