दादासाहेब गायकवाड : काळारामाच्या दारापासून भूमिहीनांच्या उताऱ्यापर्यंत

भाऊराव कृष्णराव ऊर्फ कर्मवीर दादासाहेब गायकवाड (१५ ऑक्टोबर १९०२ – २९ डिसेंबर १९७१) म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाशिकमधले सर्वांत भरवशाचे सहकारी. मुंबई विधानसभा, लोकसभा आणि राज्यसभा अशा तिन्ही ठिकाणी ते लोकप्रतिनिधी म्हणून बसले. जन्म नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा. सभागृहात मागायचं आणि मिळालं नाही तर तेच रस्त्यावर येऊन मागायचं, ही त्यांची रीत शेवटपर्यंत सुटली नाही.

त्यांचं नाव पहिल्यांदा सर्वदूर गेलं ते काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये परिषद भरली, हजारोंची मिरवणूक पंचवटीतल्या मंदिराकडे निघाली, तर दरवाजे बंद. दुसऱ्या दिवसापासून चारही दारांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बायका होत्या. रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, डोकी फुटली. पण एक दिवस गाजवणं वेगळं आणि गावोगावहून माणसं आणून, त्यांच्या भाकरीची सोय बघून, तुरुंगात गेलेल्यांची घरं सांभाळून लढा वर्षानुवर्षं टिकवणं वेगळं. सत्याग्रह समितीचे चिटणीस म्हणून हे दुसरं काम गायकवाडांकडे होतं. मंदिर काही त्या पाच वर्षांत उघडलं नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांनाच पत्र लिहून कळवलं की, आता ही ताकद शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी. देवदर्शन हा या लढ्याचा हेतू कधीच नव्हता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे गायकवाड मुंबई विधानसभेत गेले. तेव्हा बेळगाव, धारवाड हे जिल्हे मुंबई प्रांतातच होते, आणि त्याच पक्षाचे बळवंत हणमंत वराळे बेळगाव उत्तरमधून निवडून आले होते. म्हणजे नाशिकचा आणि बेळगावचा प्रतिनिधी एकाच बाकावर. त्या सभागृहापुढे आलेले खोती आणि महार वतनाचे प्रश्न हे मुळात जमिनीचेच होते. वतन म्हणजे नावाला जमिनीचा तुकडा आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवस गावकीची चाकरी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची रेषा पडली, तशी या वतनांचीही वाटणी झाली. मुंबई राज्यात १९५८ चा कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा आला, तर बेळगावकडच्या वतनदारांना म्हैसूर राज्याच्या १९६१ च्या कायद्याची वाट बघावी लागली. एकाच सोयरिकीतल्या दोन घरांना दोन सरकारांची दारं.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार म्हणून ते नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि लवकरच फुटलाही. बॅरिस्टर-वकील मंडळींना सनदशीर राजकारण हवं होतं. भूमिहीनांचे मोर्चे काढणारे, कम्युनिस्टांसोबत उभे राहणारे धोतरवाले गायकवाड त्यांना परवडेनात. एका गटाने स्वतःला ‘दुरुस्त’ म्हटलं, मग उरलेले आपोआप ‘नादुरुस्त’ ठरले! हा विनोद गावोगावी चालला, पण शेतमजूर बहुतेक या नादुरुस्तांकडेच राहिले.

कारण सरळ होतं. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांच्या नावावर करा, ही मागणी घेऊन गायकवाडांनी १९५९ मध्ये सत्याग्रह केला. मराठवाडा, खान्देश, नाशिक, नगर भागांत हजारोंनी अटक करून घेतली. त्याहून मोठा लढा ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर सुरू झाला. तोवर गायकवाड राज्यसभेत होते (१९६२–६८). तीन लाखांवर लोक तुरुंगात गेले, असा पक्षाचा आकडा आहे. मागण्यांत जमीन होतीच. शिवाय किमान वेतन, धान्याचे आवाक्यातले भाव, झोपडपट्टीवासीयांना संरक्षण, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र.

यातल्या शेवटच्या दोन मागण्यांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. बौद्धांना महाराष्ट्राने १९६० मध्येच सवलती दिल्या, पण त्या राज्यापुरत्या. केंद्राने त्या मान्य केल्या १९९० मध्ये. तैलचित्रही त्याच वर्षी लागलं. तोवर गायकवाडांना जाऊन अठरा-एकोणीस वर्षं झाली होती.

साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी काँग्रेसशी युती केली. पदरात फार थोडं पडलं आणि तरुण कार्यकर्ते दुरावले. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, १९७२ मध्ये, दलित पँथर उभी राहिली, त्यामागे रिपब्लिकन नेत्यांवरचा हा रागही होता. गायकवाडांच्या हिशेबात ही बाजू धरावीच लागते. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आज त्यांच्या नावाने महाराष्ट्रात सबलीकरण व स्वाभिमान योजना चालते. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. पूर्वी निम्मं कर्ज असे, आता पूर्ण अनुदान आहे. मात्र दादासाहेब मागत होते ती सरकारी पडीक जमीन. योजनेत सरकार ती खासगी मालकाकडून विकत घेतं. तो ठरलेल्या दराने विकायला तयार झाला, तरच उताऱ्यावर भूमिहीनाचं नाव लागतं.