यंत्रांचा परकायाप्रवेश

श्रोतेहो, परकायाप्रवेशाची कल्पना आपणांस नवी नाहीं. शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या देहांत प्रवेश केल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. आणि आमच्या विदर्भांत तर चांगदेव राऊळांनीं हरिपाळदेवाच्या निर्जीव देहांत प्रवेश केला व तेच पुढें चक्रधरस्वामी झाले, अशी महानुभाव पंथाची श्रद्धा आहे. मनुष्याच्या बाबतींत हें कितपत मानावें तें ज्याचें त्यानें ठरवावें. संगणकाच्या बाबतींत मात्र ही गोष्ट नित्याची झाली असून, ब्रह्मपुरी तालुक्यांत वैनगंगेकाठीं धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापर्यंत तिचा संबंध पोंचतो.

आरंभ अमेरिकेंतील केंब्रिज येथें झाला. आयबीएम कंपनीच्या तेथील केंद्रांत रॉबर्ट क्रीसी व लेस कोमो यांनीं १९६४ च्या सुमारास एक योजना हातीं घेतली. संगणक त्या काळीं खोलीभर असे व त्याच्यापुढें अनेकांस ताटकळत बसावें लागे. या मंडळींनीं एकाच यंत्राच्या पोटीं अनेक आभासी यंत्रें निर्माण केलीं. प्रत्येकास वाटे, अख्खा संगणक आपल्या एकट्याचाच आहे. १९७२ च्या ऑगस्टांत व्हीएम/३७० या नांवानें ही विद्या कंपनीनें ग्राहकांपुढें मांडली.

पुढें यंत्रें स्वस्त झालीं, आणि ज्याला त्याला स्वतंत्र सर्व्हर हवासा झाला. हिशेबाला एक, टपालाला एक, दप्तराला एक. आणि त्यांतील बहुतेक दिवसाचा बराच वेळ रिकामे! वीज मात्र सर्वांनाच लागे. १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत डायान ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम व त्यांचे तीन सहकारी यांनीं व्हीएमवेअर ही कंपनी काढून जुनी विद्या लहान यंत्रांवर आणली. इंटेल जातीचे प्रोसेसर या कामासाठीं घडविलेले नव्हते. अडचणीच्या आज्ञा चालतां चालतां बदलून घेण्याची युक्ति त्यांनीं योजिली. तशी सोय प्रोसेसरांतच येण्यास २००५ साल उजाडलें.

आतां प्रवेशाचा विधि पाहूं. लोखंड झिजतें, सुटे भाग मिळेनासे होतात, पण त्यावरील काम थांबवितां येत नाहीं. अशा वेळीं जुन्या सर्व्हरच्या डिस्कवरील प्रत्येक अक्षर, ऑपरेटिंग सिस्टिमसह, उचलून एका मोठ्या फाइलींत उतरवितात. ती फाइल हीच नव्या आभासी यंत्राची डिस्क. मग जुन्या लोखंडाचे ड्रायव्हर काढून आभासी लोखंडाचे बसविले, कीं यंत्र जागें होतें. आपण देह बदलला याची त्याला वार्ताहि नसते. दोन पथ्यें सांभाळावीं लागतात. नक्कल चालू असतां शक्यतों नव्या नोंदी होऊं देऊं नयेत, नाहीं तर आरंभ सकाळचा व शेवट दुपारचा अशी विसंगत प्रत हातीं येते. आणि नवें उठल्यावर जुन्यास नेटवर्कवर ठेवूं नये. एका नांवाचे, एका पत्त्याचे दोघे एका घरांत नांदत नाहींत.

परंतु मला महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. ही नक्कल इतकी प्रामाणिक असते, कीं जुन्या देहांतील रोगहि नव्या देहांत येतात. कालबाह्य प्रणाली कालबाह्यच राहते, चुकीची नोंद चुकीचीच राहते. यंत्र हलविलें म्हणजे दप्तर दुरुस्त झालें, ही समजूत घातक आहे.

सातबाऱ्याचेंच पाहा. तो हस्तलिखितांतून संगणकावर आला तेव्हां प्रथम तालुक्याच्या यंत्रांत राहत असे. ई-फेरफार योजनेंत ती माहिती राज्याच्या डेटा सेंटरमध्यें एकवटण्यांत आली. येथें अख्खें यंत्र न उचलतां केवळ माहिती नव्या आज्ञावलींत नेली, हा भेद लक्षांत ठेवावा. परंतु रोगाचा न्याय तोच. क्षेत्रांतील एखादें दशांश चिन्ह सरकलें, खातेदाराच्या नांवांतील एक अक्षर गळलें, तर पीककर्ज अडतें आणि भावाभावांत तंटा उभा राहतो. महसूल खात्यानें येथें शहाणपणा केला असें मी म्हणेन. संगणकीय सातबारा मूळ हस्तलिखिताशीं ताडून पाहण्याचें काम झालें, आणि २०१७ सालीं गांवोगांव चावडीवाचन करण्यांत आलें. तलाठ्यानें उतारा मोठ्यानें वाचावा, खातेदारांनीं ऐकावा, आणि चूक असेल ती तेथेंच सांगावी, अशी ती योजना. पुढें १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला, आणि त्यावर तलाठ्याचा शिक्का लागेनासा झाला.