‘चेक इंजिन’चा दिवा लागलाय? घरच्या घरी कोड कसा वाचायचा, आणि कधी पुसायचा नाही

समजा, रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन तुम्ही जालन्याहून शिर्डीला निघालात. समृद्धी महामार्गावर चढलात, गाडीने वेग घेतला आणि डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी तर व्यवस्थित पळतेय, आवाजही नेहमीचाच. मागच्या सीटवरून सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, “सेन्सर गेला असेल, चालव तू.” कुणी म्हणतं, “बॅटरीची वायर काढून परत लाव, दिवा जातो.”

सोमवारी गॅरेजला गेलात की मिस्त्री एक स्कॅनर लावतो, स्क्रीनवर एक आकडा येतो आणि निकाल लागतो, “सेन्सर बदलावा लागेल.” तो आकडा काय होता, हे बहुतेक जण विचारतच नाहीत. खरं तर सगळी गोष्ट त्या आकड्यातच असते आणि तो वाचायला आता फक्त मोबाईल आणि काडेपेटीएवढं एक यंत्र लागतं.

हा दिवा नेमका काय सांगतो?

आजच्या गाडीत इंजिनवर लक्ष ठेवणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीयू म्हणतात. हवा किती आत आली, इंधन किती गेलं, ठिणगी वेळेवर पडली का, धुरात ऑक्सिजन किती उरला, ही माहिती त्याला सेन्सरकडून सतत मिळत असते. एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ईसीयू त्या बिघाडाचा कोड साठवतो आणि दिवा लावतो. या व्यवस्थेला ‘ऑन बोर्ड डायग्नोस्टिक्स’, म्हणजेच ओबीडी म्हणतात.

ही व्यवस्था आली ती प्रदूषणाच्या काळजीतून. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचं झालं. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, प्लग एकच आणि मुख्य कोडही तेच झाले. भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं.

इथे जालनाकरांसाठी एक बारकावा आहे. १ एप्रिल २०१० ला बीएस-४ चा नियम आला तो मुंबई, पुणे, सोलापूर अशा १३ शहरांपुरता. देशभर तो लागू झाला १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे एमएच २१ पासिंगची जुनी गाडी बीएस-३ असू शकते. तिच्यात प्लग असेलही, पण साध्या स्कॅनरशी ती बोलेलच असं नाही. १ एप्रिल २०२० नंतरची गाडी मात्र बीएस-६ आहे आणि तिथे अडचण येत नाही.

आधी दिव्याचा रंग आणि वागणं बघा

- पिवळा आणि स्थिर: घाबरू नका. जोर न लावता गाडी चालवा आणि एक-दोन दिवसांत कोड तपासा.
- पिवळा आणि लुकलुकणारा: इंजिन ‘मिस’ मारतंय. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो प्रचंड तापतो आणि कायमचा खराब होतो. वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा.
- लाल: तेलाची किटली किंवा तापमानाचा लाल दिवा हे वेगळं प्रकरण आहे. गाडी लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. इथे स्कॅनरची वाट बघायची नाही.

समृद्धीवर हलक्या गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि गॅरेज काही हाकेच्या अंतरावर नसतं. दिवा लुकलुकत असताना “पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊ” म्हणून वेगात जाणं महागात पडतं.

काय सामान लागतं?

‘ईएलएम ३२७’ प्रकारचा ब्लूटूथ अडॅप्टर ऑनलाईन मिळतो. स्वस्तातले बहुतेक अडॅप्टर नकला असतात. साधे कोड त्यावर वाचता येतात, पण कधीकधी कनेक्शन तुटतं. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ अडॅप्टर चालत नाही. वायफायचा किंवा ‘ब्लूटूथ एलई’ लिहिलेला घ्या. मोबाईलमध्ये ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’सारखं ॲप लागतं.

कोड वाचायचा कसा?

१. गाडी सपाट, मोकळ्या जागेत उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा.

२. स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास वाकून बघा. १६ पिनांचा, एका बाजूला निमुळता होत गेलेला प्लग दिसेल. काही गाड्यांत त्यावर छोटं झाकण असतं.

३. अडॅप्टर हळूच दाबून बसवा. तो एकाच बाजूने बसतो, जोर करू नका.

४. चावी ‘ऑन’वर न्या, इंजिन सुरू करू नका. बटन स्टार्ट असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटन दाबा.

५. मोबाईलच्या ब्लूटूथमध्ये अडॅप्टर जोडा. पिन मागितला तर बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. मग ॲपमध्ये तोच अडॅप्टर निवडा.

६. ‘रीड कोड्स’ दाबा. ‘स्टोअर्ड’ म्हणजे पक्का झालेला कोड आणि ‘पेंडिंग’ म्हणजे संशयित.

७. स्क्रीनशॉट काढा. सोबत ‘फ्रीझ फ्रेम’ दिसत असेल तर तिचाही. कोड पडला त्या क्षणी वेग, आरपीएम आणि इंजिनचं तापमान किती होतं, हे त्यात असतं. मिस्त्रीला याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

आकड्यांची बाराखडी

कोड असा दिसतो: पी०३०१. पहिलं अक्षर विभाग सांगतं. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘सी’ म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनची बाजू आणि ‘यू’ म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपसातला संवाद. त्यानंतरचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे. १ असेल तर त्या कंपनीचा खास आहे आणि त्याचा अर्थ मॉडेलनुसार शोधावा लागतो.

नेहमी भेटणारे काही कोड:

- पी०३००: इंजिन अधूनमधून मिस मारतंय, नेमका सिलेंडर ठरत नाही. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलेंडरचा असतो.
- पी०१७१: मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी.
- पी०४२०: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही.
- पी०४५५: पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती. पहिला संशय टाकीच्या झाकणावर. पंपावर ते नीट लागलं होतं का, बघा.
- पी०११३: आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचं सर्किट. बऱ्याचदा वायर तुटलेली किंवा कनेक्टर निघालेला असतो.
- पी०४०१: ईजीआरमधून धूर पुरेसा फिरत नाही. डिझेल गाडीत काजळी साचल्यावर हा भेटतो.
- पी२४६३: डिझेलच्या डीपीएफमध्ये काजळी खूप साचली.

कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे

लोकांचे पैसे सर्वांत जास्त इथे जातात. पी०१७१ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. पण मिश्रण बिघडलंय, एवढंच तो सेन्सर सांगत होता. खरं कारण एअर फिल्टरनंतरचा फाटलेला रबरी पाइप, मळलेला एअर-फ्लो सेन्सर किंवा दमलेला फ्युएल पंप असू शकतं. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल, तर त्याचं ट्यूनिंग आधी तपासायला हवं. तसंच पी०४२० आला म्हणून लगेच महागडा कन्व्हर्टर बदलायचा नसतो. आधी सायलेन्सरची गळती, सेन्सर आणि मिस मारण्याचा जुना त्रास बघायचा.

पी०३०१ साठी एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक सिलेंडरला वेगळी कॉइल असेल, तर इंजिन थंड झाल्यावर पहिल्याची कॉइल दुसऱ्याला आणि दुसऱ्याची पहिल्याला लावा. आता पी०३०२ आला, तर कॉइलच खराब. पी०३०१ कायम राहिला, तर स्पार्क प्लग किंवा इंजेक्टरकडे वळा. एक रुपयाही न खर्चता अर्धा तपास झाला.

आपल्या भागातले नेहमीचे गुन्हेगार

उंदीर: आखाड्यावर, गोठ्याशेजारी किंवा बियाण्यांच्या गोदामाजवळ चार-आठ दिवस गाडी उभी राहिली की ते बॉनेटखाली मुक्कामाला येतात आणि वायरी कुरतडतात. कोडच्या वर्णनात ‘सर्किट’ शब्द आला, तर सेन्सर विकत घेण्याआधी टॉर्च लावून वायरिंग बघा.

धूळ: कच्चा रस्ता, कापूस-मक्याचं शेत आणि औद्योगिक वसाहतीतली धूळ यात एअर फिल्टर लवकर भरतो. सर्व्हिसच्या तारखेची वाट न बघता तो उघडून बघत जा.

वॉशिंग सेंटरचा प्रेशर: इंजिनवर जोरात पाणी मारलं की ते कॉइल आणि कनेक्टरमध्ये शिरतं. धुऊन आणल्यावर लगेच गाडी मिस मारू लागली, तर आधी सगळं सुकू द्या.

छोट्या फेऱ्या: बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला त्याला सलग चांगला वेग लागतो. घर ते दुकान, दुकान ते शेत एवढंच फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो. फक्त डीपीएफचा दिवा लागला असेल, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने साधारण १५-२० मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवल्यावर बऱ्याचदा तो साफ होतो. सोबत इंजिनचा दिवाही लागला, तर सर्व्हिस सेंटर गाठा. डीपीएफ काढून टाकून सॉफ्टवेअर बदलून देणारे भेटतील; ते बेकायदा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

कोड पुसायचा कधी?

दुरुस्ती झाल्यावरच. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून ‘क्लिअर कोड्स’ दाबा. दिवा जाईल. त्यानंतर काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि पुन्हा स्कॅन करा. कारण गेलं नसेल, तर कोड परत येणारच.

न पुसताही दिवा जातो. बिघाड दूर झाला आणि सलग तीन फेऱ्यांमध्ये तपासणी नीट पार पडली, की ईसीयू साधारणपणे स्वतःच दिवा विझवतो. टाकीचं झाकण सैल असेल, तर ते घट्ट लावून थोडी वाट बघा.

बॅटरीची वायर काढण्याचा जुना उपाय काही गाड्यांत चालतो. पण त्यात ईसीयूने शिकलेली इंधनाची गणितं पुसली जातात आणि काही दिवस गाडी खडखडत चालू शकते. शिवाय कोड काय होता, हे कधीच कळत नाही.

या वेळी मात्र पुसू नका:

- गाडी वॉरंटीत असेल तेव्हा. साठलेला कोड आणि फ्रीझ फ्रेम हा तुमचा पुरावा आहे.
- एअरबॅग किंवा एबीएसचा दिवा असेल तेव्हा. स्वस्त स्कॅनर हे विभाग नीट वाचतही नाही आणि इथे प्रश्न जिवाचा आहे.
- पीयूसीच्या आधी ‘दिवा तर घालवू’ म्हणून. पीयूसीत धूर मोजला जातो, दिवा विझल्याने धूर कमी होत नाही. प्रदूषणाचे निकष मोडल्यास मोटार वाहन कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. त्या प्लगला गाडी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. बरेच दिवस उभ्या गाडीत तो तसाच राहिला तर बॅटरी उतरते.

जुनी गाडी घेताय? मग हे वाचाच

सेकंडहँड गाडी दाखवायच्या आधी कोड पुसून ठेवणं हा दोन मिनिटांचा खेळ आहे. तो पकडताही येतो. ॲपमध्ये ‘रेडिनेस मॉनिटर’ उघडा. कोड नुकतेच पुसले असतील, तर बऱ्याच तपासण्या ‘इनकम्प्लीट’ दिसतात. अनेक गाड्यांत ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ही दिसतं. रोज वापरातल्या गाडीत ते १२ किलोमीटर दिसलं, तर विक्रेत्याला विचारा की काल काय पुसलं?

आणखी एक साधी परीक्षा. चावी ऑन केली की इंजिनचा दिवा लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. चावी ऑन करूनही तो लागलाच नाही, तर दिवाच निकामी केलेला असू शकतो.

बाईकचं काय?

बीएस-६ दुचाकींनाही हा दिवा असतो. एप्रिल २०२३ पासून नव्या दुचाकींना ओबीडी-२ चा पहिला टप्पा लागू झाला आणि एप्रिल २०२५ पासून पुढचा. पण त्यांचा प्लग बहुधा सीटखाली, सहा पिनांचा असतो. कारचा अडॅप्टर लावायला वेगळी जोडवायर लागते. काही गाड्यांत दिवाच लुकलुकून कोड सांगतो. होंडाच्या फ्युएल इंजेक्शन गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक, अशी मोजणी असते.

थोडक्यात काय, तर स्कॅनर घेतला म्हणून आपण मिस्त्री होत नाही आणि व्हायची गरजही नाही. पण गॅरेजमध्ये “दिवा लागलाय, बघा जरा” म्हणणं आणि “पी०१७१ आलाय, आधी हवेचा पाइप बघा” म्हणणं, या दोन वाक्यांत बिलाचा मोठा फरक पडतो. पुढच्या वेळी दिवा लागला की आधी स्क्रीनशॉट काढा, मग गॅरेज गाठा.