जुन्नरचा कागद आणि भरवशाचा कारागीर

"अमका सुतार हाताचा चांगला आहे, पण भरवशाचा नाही," असे आपण सहज बोलून जातो. ह्या एका वाक्यात कारागिराला लावायची दोन मापे आली. एक हाताचे आणि दुसरे भरवशाचे. कामावर माणूस ठेवताना मालक ही दोन्ही मापे लावून पाहतो. हाताचे माप घटकाभरात कळते, पण भरवशाचे माप कळायला कधी कधी वर्षे लागतात. ही गोष्ट पटवून घ्यायला दूर जायला नको. मढ, डिंगोरे, ओतूर ह्या गावांची माणसे ज्या जुन्नरला बाजाराला जातात, त्या जुन्नरच्याच इतिहासात ती सापडते.

जुन्नर हे नाणेघाटाच्या तोंडाशी वसलेले जुने व्यापारी गाव. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांचा माल ह्या घाटाने देशावर चढत असे. गावाभोवतीच्या डोंगरांत जी लेणी आहेत, त्यांतल्या ब्राह्मी लेखांत धंदेवाल्यांच्या संघांची नावे येतात. अशा संघाला त्या काळी श्रेणी म्हणत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने येथे सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. कासारांच्या आणि बुरुडांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेवी ठेवल्याचाही उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यांतला लेख तर आकडेच देतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापण कायमचे ठेवले. त्यांतल्या 2000 वर दरमहा शेकडा एक आणि 1000 वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले.

आता विचार करा. राजघराण्यातला माणूस आपला पैसा विणकरांकडे ठेवतो, आणि तोही कायमचा. का? मुद्दल बुडणार नाही, व्याज थकणार नाही, ह्या खात्रीवर. एखादा विणकर आज आहे, उद्या नसेल. ती ठेव खरे म्हणजे धंद्याच्या अब्रूवर ठेवलेली होती, आणि ही अब्रू श्रेणीतल्या प्रत्येक हाताने रोजच्या रोज कमवायची असे.

पुढे मराठेशाहीत ह्याच जुन्नरचे नाव एका वेगळ्या मालाने गाजले. तो माल म्हणजे जुन्नरी कागद. पेशव्यांच्या कचेरीत दौलताबादी कागदाप्रमाणे जुन्नरी कागदही वापरात होता. तो करणारे कागदी बहुतेक मुसलमान होते. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा ह्याच धंद्याची आठवण सांगतो. कागद कागद्याने करावा, त्यावर कारकुनाने बोरूने मोडी लिहावी आणि त्यावर सगळ्या दौलतीचा हिशेब राहावा, असा हा व्यवहार होता.

हा कागद होई कसा? जुनी गोणपाटे, दोरखंडे, ताग हा त्याचा कच्चा माल. ते बारीक तोडून चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, मग पायाने चालवायच्या ढेंगीखाली कुटायचे, नदीवर नेऊन धुवायचे, पुन्हा चुना, पुन्हा कुटणे, पुन्हा धुणे. आपल्याकडे अंबाडी कुजवून वाख काढणाऱ्यांना ह्यातली मेख लगेच कळेल. चुना जास्त झाला की धागा मरतो, कमी पडला की जाडाभरडा राहतो. किती दिवस मुरवायचे हे कोणी घड्याळ लावून सांगू शकत नाही. थंडीत एक, उन्हाळ्यात दुसरे. चिमटीत लगदा धरून बोटांनी ओळखावे लागते. म्हणून कागदी कारागिराचा पहिला गुण म्हणजे धीर. जो चार दिवसांचे काम तीन दिवसांत उरकतो, तो मालकाला त्या दिवशी आवडतो, पण पुढे महाग पडतो.

तयार लगदा हौदात पाण्यात कालवला की मुख्य कारागीर पुढे येतो. चौकटीवर गवताच्या काड्यांची बारीक चटई बसवलेली असते. तिला छापरी म्हणत. ती हौदात बुडवून उचलायची आणि मनगटाने अशी हलवायची की लगदा सगळीकडे सारखा बसावा. पाणी खाली गळून जाते आणि वर ओला ताव राहतो. पहिला ताव आणि दिवस मावळतानाचा शेवटचा ताव सारख्याच जाडीचे निघाले पाहिजेत, कारण चोवीस तावांचा एक दस्ता होतो आणि दस्त्यात एक जाड, एक पातळ चालत नाही. एखादा सुंदर ताव नवशिक्याच्या हातूनही निघेल. दिवसभर सारखा ताव काढणे हा दुसरा गुण, आणि मजुरी खरी त्याची असते.

ताव वाळले की दोन्ही बाजूंनी खळ लावायची, पुन्हा वाळवायचे आणि फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने घोटायचे. येथे तिसऱ्या गुणाची कसोटी लागते. खळ कोपऱ्यापर्यंत पोचली नाही तरी वरून घोटलेला ताव चकचकीतच दिसतो. बाजारात व्यापाऱ्याला कळत नाही, दुकानात गिऱ्हाइकाला कळत नाही. कळते कारकुनाला, बोरू त्या कोपऱ्याशी आला आणि शाई फुटली म्हणजे. तोवर दस्ता कोणी केला हे कोणाच्या ध्यानातही नसते. म्हणजे ज्या कामाची चूक आपल्या नावावर कधीच येणार नाही, तेही नीट करणारा तो भरवशाचा माणूस.

ह्याचा पुरावा पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहे. तेथे हजारो रुमालांत बांधलेले मोडी कागद अजून वाचता येतात. 1930 नंतर गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडक कागदांचे 45 खंड संपादिले. त्या खंडांवर कागद्यांची नावे नाहीत. पण त्यांनी खळ लावताना हात चोरला असता, तर इतिहासाची पाने आपल्या हाती धडपणे आली नसती.

आता शिक्षकबंधूंना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गुण असले की भाकरी चालतेच, असे मुलांना शिकवू नये. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा स्वस्त कागद आला. पुढे पुण्याजवळ मुंढव्यालाही कागदाची गिरणी निघाली. सरकारी कचेऱ्या गिरणीच्या कागदाकडे वळल्या आणि जुन्नरचे हौद कोरडे पडत गेले. कागद्यांचा हात बिघडला नव्हता, धीर सुटला नव्हता. सुटले ते गिऱ्हाईक. 1934 साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, हातकागदाकडे पुन्हा लक्ष गेले आणि 1940 साली पुण्याला शिवाजीनगरात हातकागदाची संस्था सुरू झाली. मात्र एकदा मोडलेल्या धंद्यातले बोटांचे ज्ञान परत मिळवायला किती खटाटोप करावा लागतो, हे अशा संस्था चालवणाऱ्यांनाच ठाऊक.

तेव्हा मालकाचेही काही कर्तव्य आहे. सावकाश केलेल्या कामाचा मोबदला घाईच्या कामाइतकाच दिला, तर सावकाश करणारा माणूस किती दिवस टिकेल?

हे जुन्या काळापुरतेच नव्हे. जुन्नर तालुक्यातच, नारायणगावजवळ खोडद येथे, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण आहे. तिच्या 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. तबकडीचा पृष्ठभाग म्हणजे बारीक पोलादी तारांची ताणलेली जाळी. उंचावरचा तारेचा एखादा सांधा कच्चा राहिला, तर तो खालून दिसणार नाही. खळीचा कोपरा आणि हा सांधा, दोन्हींची जात एकच.

शिक्षकांना शेवटी एवढीच सूचना. गावात कोणाच्या घरी जुना मोडी कागद असेल, तर मालकाच्या परवानगीने, जपून, मुलांना तो उजेडासमोर धरून दाखवा. छापरीच्या काड्यांच्या रेघा त्यात दिसतील. मग त्यांना सांगा, हा ताव ज्याने काढला त्याचे नाव आपल्याला माहीत नाही, पण तो कसा माणूस होता ते कळते आहे.