नारू आणि गावचा स्वयंसेवक

नारू हा शब्द आता मराठीत जवळजवळ कोशापुरता उरला आहे. आमच्या आधीच्या पिढ्यांना मात्र तो चांगलाच ओळखीचा होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, भरताना त्याच पाण्यात पाय बुडायचे, आणि ते पाणी पिणाऱ्या कुणाच्या तरी पायावर वर्षभराने फोड उठून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा लांबलचक जंत बाहेर येऊ लागायचा. भारतातल्या नारूग्रस्त राज्यांत राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यासह महाराष्ट्रही होता. 1983-84 मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, 1996 च्या जुलैत जोधपूर जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला, आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. पुढे आपण तो रोग विसरलो. विसरता आला, हेच त्या कार्यक्रमाचे यश म्हणायचे.

आफ्रिकेत ही लढाई अधिक लांबली आणि अद्यापही पूर्ण संपलेली नाही. 1986 साली आफ्रिका आणि आशियातल्या 21 देशांत मिळून वर्षाला सुमारे 35 लाख लोकांना नारू होत असावा, असा अंदाज होता. 2024 साली साऱ्या जगात नोंदले गेलेले मानवी रुग्ण अवघे 15 होते. या दोन आकड्यांमधला इतिहास बहुधा मोठ्या नावांच्या आधारे सांगितला जातो. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांचे कार्टर सेंटर, देवी निर्मूलनाचा अनुभव गाठीशी असलेले डॉ. डोनाल्ड हॉपकिन्स, नायजेरियाचे जनरल याकुबू गोवोन, मालीचे आमादू तुमानी तुरे ही ती नावे. 1995 साली सुदानच्या यादवी युद्धात कार्टर यांनी घडवून आणलेला आणि जवळजवळ सहा महिने टिकलेला युद्धविराम हा तर या कथेतला सर्वांत नाट्यमय प्रसंग. या मंडळींच्या कार्याविषयी आम्हांला आदरच आहे. तरीही या रोगाचे स्वरूप नीट पाहिले तर ध्यानात येते की, इतिहासाचे मुख्य पात्र कोणी वेगळेच आहे.

नारूवर लस नाही. जंत मारणारे औषध नाही. एकदा रोग होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही. त्याच माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा होऊ शकतो. देवीच्या वेळी निदान हातात सुई होती; एकदा टोचून कार्यकर्ता पुढच्या गावाला जाऊ शकत असे. येथे तशी सोय नव्हती. जंत बाहेर येऊ लागला की पाय विस्तवासारखा जळतो, रोगी तो पाण्यात बुडवतो, आणि त्या क्षणी मादी जंत पाण्यात असंख्य अळ्या सोडते. सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म पाणकिडे त्या अळ्या गिळतात, ते पाणी माणसे पितात, आणि वर्षाने चक्र पुन्हा फिरते. हे चक्र तोडण्याचे दोन प्रमुख मार्ग: जंत असलेल्या माणसाला पाण्यात उतरू न देणे, आणि पिण्याचे पाणी गाळून घ्यायला लावणे. ही दोन्ही कामे दुरून होणारी नव्हेत. त्यांना गावातच राहणारा, रोज दारोदार फिरणारा माणूस हवा. तो माणूस म्हणजे गावचा स्वयंसेवक.

हा स्वयंसेवक बहुधा गावातलाच एखादा शेतकरी असे. थोडे प्रशिक्षण, एक नोंदवही, मलमपट्टीचे साहित्य आणि गाळण्याची कापडे एवढ्या भांडवलावर त्याचे काम सुरू होई. घराघरांत जाऊन कुणाला फोड आला आहे का, हे विचारायचे; दिसला तर जखम धुऊन पट्टी बांधायची. जंत ओढून काढता येत नाही. काडीभोवती किंवा कापडाच्या गुंडाळीवर तो रोज काही सेंटिमीटर गुंडाळत न्यावा लागतो. घाई केली आणि तुटला, तर जखम चिघळते. म्हणजे एकेका रोग्यासाठी कित्येक आठवडे रोज तेच घर, तोच पाय. कार्यक्रमाचे नियमही या दैनंदिनीवरच उभे होते. जंत दिसू लागल्यापासून 24 तासांत रुग्ण सापडला पाहिजे, तो पाण्यात उतरलेला नसावा, जंत पूर्ण निघेपर्यंत पट्ट्या झाल्या पाहिजेत, आणि सात दिवसांच्या आत पर्यवेक्षकाने येऊन खात्री केली पाहिजे. तेव्हाच तो रुग्ण 'रोखला गेला' असे मानले जाई. जिनिव्हातल्या तक्त्यातल्या त्या एका आकड्यामागे अशी कैक आठवड्यांची पायपीट असे.

त्यात हंगामाची अडचण होती. साहेलच्या कोरड्या पट्ट्यात नारू नेमका पावसाळ्यात, म्हणजे पेरणी-खुरपणीच्या दिवसांत डोके वर काढी. मालीतले डोगोन लोक त्याला रिकाम्या कणगीचा रोग म्हणत, ते यामुळेच. घरातला कर्ता माणूस ऐन हंगामात महिनाभर अंथरुणाला खिळला की पुढच्या वर्षीच्या धान्याची आशा सोडायची. पण स्वयंसेवकाचेही शेत याच हंगामात वाट पाहत असे, ही गोष्ट अहवालांत क्वचितच येते.

दुसरी अडचण पटवून देण्याची. हौसा भाषेत या रोगाला 'कुर्कुनू' म्हणतात, योरुबात 'सोबिया'. जेथे रोगाला इतके जुने नाव असते, तेथे त्याचे जुने स्पष्टीकरणही असते. उत्तर घानातल्या डागोम्बा लोकांत जंत माणसाच्या अंगात मुळातच असतो, अशी समजूत होती. जन्मतःच जो आपल्यात आहे, तो पाणी गाळून कसा टळणार? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तर्काचाच आहे. पाणी पिणे आणि जंत दिसणे यांत वर्षभराचे अंतर असताना दोहोंचा संबंध कुणाला सहज जुळेल? स्वयंसेवक भांड्यात तळ्याचे पाणी घेऊन भिंगातून त्यात हलणारे किडे दाखवत. आपल्याकडे दुपदरी फडक्याने पाणी गाळण्याची रीत घरोघरी होती. तेथे तीच सवय नव्याने रुजवायची होती. भटक्या गुराख्यांसाठी गळ्यात अडकवायच्या गाळणीच्या नळ्या आल्या, पण त्या वापरण्याची आठवण कुणीतरी रोज करून द्यावीच लागे.

या कामाचा एक धडा उशिरा मिळाला. सुरुवातीला निवडलेले स्वयंसेवक बव्हंशी पुरुष होते. पाणी मात्र बायका आणि मुली भरत. घानात पुढे रेड क्रॉसच्या महिला मंडळांतल्या हजारो स्त्रिया या कामात उतरल्या. ज्या तळ्यावर गावाचे पाणी अवलंबून असे, तेथे कुणी दुखरा पाय घेऊन उतरू नये म्हणून राखणदारही बसवले गेले. पाणवठ्यावरचे बोलणे पाणी भरणाऱ्यांनीच करायचे असते, हे कुठल्याही खेड्यातल्या बाईने पहिल्याच दिवशी सांगितले असते.

यशही सरळ रेषेत आले नाही. 1994 साली उत्तर घानात कोंकोम्बा आणि नानुम्बा यांच्यात रक्तरंजित संघर्ष पेटला आणि गावोगावची देखरेख विस्कळीत झाली. 2007 च्या सुमारास सावेलुगू गावात नळाचे पाणी बंद पडले, लोक पुन्हा तळ्याकडे वळले आणि नारू उसळून आला. पाइपमधले पाणी आटले की वर्षानुवर्षांचे काम धुऊन जाते, हे तेव्हा दिसले. अखेर 2010 च्या मे महिन्यात घानातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि 2015 साली तो देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. नायजेरियाला हा मान 2013 मध्येच मिळाला होता.

आम्हांला सर्वांत विचार करायला लावतो तो शेवटचा टप्पा. रोग दिसेनासा झाल्यावर स्वयंसेवकाचे काम संपत नाही. प्रमाणपत्रासाठी सलग तीन वर्षे एकही रुग्ण नसावा लागतो, आणि 'नाही' हे सिद्ध करायलाही तितकेच फिरावे लागते. रोज जायचे, विचारायचे आणि वहीत शून्य लिहायचे. रुग्णाची खबर देणाऱ्यास रोख बक्षीस जाहीर झाले, ते ही जागरूकता टिकावी म्हणूनच. आणि एवढे करूनही 2012 पासून चाडमध्ये एक नवेच संकट पुढे आले: कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर नारू होऊ लागल्याचे आढळले. तेव्हापासून तिथल्या स्वयंसेवकांच्या कामात कुत्री बांधून ठेवायला सांगणे आणि माशांची आतडी पुरायला लावणे याचीही भर पडली.

आता एक अवघड प्रश्न. या श्रमाला 'स्वयंसेवा' म्हणायचे का? गावातल्याच माणसाला आरोग्यसेवक करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 1970 साली आरोळे दांपत्याने जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पाचा दाखला जगभर दिला गेला, आणि 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने तशा सेवकांना प्राथमिक आरोग्याच्या व्यवस्थेत स्थान दिले. पण पुढे अनेक गरीब देशांत ही कल्पना स्वस्त आहे म्हणून प्रिय झाली. वाहनाला इंधन, पर्यवेक्षकाला पगार, सल्लागाराला भत्ता. आणि ज्याच्यावाचून सारे अडते त्याला टी-शर्ट आणि कौतुक. ज्याच्या घरात उद्याच्या धान्याची ददात आहे, त्याचे फुकट श्रम आणि पोटभर जेवलेल्या माणसाची फावल्या वेळची सेवा यांना एकच शब्द लावणे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनेच आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले की, सामुदायिक आरोग्यसेवकांना कामाचा योग्य मोबदला द्यावा, केवळ प्रोत्साहनपर रकमेवर अवलंबून राहू नये. 'मानधन' या शब्दावरून आपल्याकडच्या आशा कार्यकर्त्यांना किती वेळा रस्त्यावर यावे लागले आहे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या सूचनेचे मोल वेगळे सांगायला नको.

असे असूनही, ही माणसे केवळ राबवली गेली असे म्हणून थांबणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. शेजाऱ्याचा पाय बरा व्हावा, आपले तळे स्वच्छ राहावे, आपल्या पोरांना हे भोगावे लागू नये, ही इच्छा त्यांची स्वतःची होती. आपली गरज त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. म्हणूनच मोबदला न देणाऱ्या व्यवस्थेला दोष देताना त्यांच्या कर्तृत्वाचे श्रेय काढून घेता येत नाही.

ज्या दिवशी शेवटचा नारू संपेल, त्या दिवशी समारंभ होतील, भाषणे होतील, आणि ती व्हावीतच. जिमी कार्टर यांना तो दिवस पाहायला मिळाला नाही. 2024 च्या डिसेंबरात ते गेले. परंतु इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या वेळी गावोगावच्या मळक्या नोंदवह्याही उघडाव्यात, असे आम्हांला वाटते. त्यांत पानामागून पान शून्येच असतील. त्यांतले प्रत्येक शून्य लिहिण्यापूर्वी कुणीतरी त्या दिवशी, आपले शेत मागे ठेवून, घरोघरी जाऊन विचारून आलेले असेल.