पेज, कळण आणि पथ्याचा क्रम

1563 साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधींवरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात कॉलऱ्यासारख्या एका आजाराचं इथलं नाव तो 'मोर्शी' असं देतो. इथले लोक रुग्णाला मिरी-जिरं घातलेलं तांदळाचं पाणी पाजतात आणि त्याला 'कांजे' म्हणतात, असंही लिहितो. मालवणकडच्या माणसाला दोन्ही ओळखीचं वाटेल. मोर्शी म्हणजे मोडशी आणि ते पाणी म्हणजे पेजेची निवळ. (याच मोडशीचं फ्रेंचांच्या तोंडी पुढे 'मोर द शियां' झालं, म्हणजे कुत्र्याचं मरण!)

मी या इतिहासात शिरलो तो घरच्या गरजेपोटी. बहिणीला सिलिअ‍ॅकचं निदान झालं, गहू कायमचा बंद झाला. सुपाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ निघालं. मग आजीची पेज आठवली.

पेजेमागे जुना विचार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायात अठ्ठावीस यवागू, म्हणजे पेजेचेच प्रकार, सांगितले आहेत. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो संसर्जनक्रम. वमन-विरेचनानंतर आधी पेया, मग दाट विलेपी, मग मीठ-स्नेह-मसाला न घातलेला 'अकृत' यूष, त्यानंतर ते घातलेला 'कृत' यूष आणि शेवटी मांसरस. उद्देश मंदावलेला अग्नी हळूहळू वाढवण्याचा होता, अ‍ॅलर्जी शोधण्याचा नव्हे. दोन्हींची सरमिसळ करू नये. पण पद्धत बघा. 1920च्या दशकात कॅलिफोर्नियात डॉ. अल्बर्ट रो यांनी संशयित पदार्थ वगळून मग एकेक परत देण्याचा आहार मांडला, तोही याच वळणाचा. आम्ही कोडमधला दोष शोधताना वेगळं काय करतो? एका वेळी एकच बदल.

यूष म्हणजे आपलं कळण. कुळीथ शिजवून गाळलेलं पाणी, त्यात सोलं, ठेचलेली लसूण. (हिरवी मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, त्याआधी तिखटपणा मिरीचा.) कोकणात गहू जवळजवळ पिकत नाही, तो घाटावरून यायचा. भात, नाचणी, कुळीथ घरचे, दळण घरच्या जात्यावर. त्यामुळे हे जेवण कुणी न ठरवताच ग्लुटेनमुक्त होतं.

आता तसं राहिलेलं नाही. कुळथाची पिठी गिरणीत गव्हामागून दळली जाते. फोडणीतला बांधानी हिंग तर बहुतेकदा पिठात मळलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं. पारंपरिक म्हणजे सुरक्षित, असं म्हणून पिठी वाढणं सिलिअ‍ॅकच्या माणसाला महागात पडू शकतं.

म्हणून आमच्याकडे पीठ वापरतच नाही. उकड्या तांदळाची पेज करायची, तांदूळ आधी निवडून धुऊन. त्यात दुधी आणि लाल भोपळा मऊ शिजवून घोटायचा, वर फक्त मीठ. दोन-तीन दिवस ते पचलं की शेवग्याच्या शेंगांचा गर. पुढे अख्खे कुळीथ निवडून, धुऊन केलेलं कळण. पण कडधान्यं सोसत नसतील त्यांनी ते सोडावं. सोलं आणि नारळाचा रस सर्वांत शेवटी. काजू आणि कोळंबी हे मालवणी ताटातले मानकरी, पण अ‍ॅलर्जीच्या यादीतही नेमके तेच वर असतात. त्यांना या टोपात जागा नाही. हिंगाऐवजी जिरं. ओर्ताच्या कांज्यात तरी हिंग कुठे होता?