पांढऱ्यावर पांढरे : जर्मन फुलदाण्यांचे उठावकाम

रंग नाही, सोनेरी वर्ख नाही, चित्रही नाही. तरीही साठ आणि सत्तरच्या दशकांत पश्चिम जर्मनीत तयार झालेल्या पांढऱ्या पोर्सेलिनच्या फुलदाण्या संग्राहकांना आजही मोहात पाडतात. वर्तुळे, चौकटी, झाडाची साल, प्रवाळ अशा नाना आकारांचे उठावकाम हीच त्यांची सजावट. मात्र ती दिसते केवळ सावलीमुळे. प्रकाश चुकला, की तीच फुलदाणी निव्वळ पांढरे भांडे वाटू लागते.

या फुलदाण्यांचे माहेर मुख्यत्वे बव्हेरियात, आणि त्यातही चेक सीमेलगतच्या झेल्ब गावात. रोझेन्थाल आणि हुट्शेनरॉयटर या दोन बड्या नावांचे कारखाने येथलेच. काइझर हे तिसरे महत्त्वाचे नाव बव्हेरियातीलच श्टाफेलश्टाइनचे. रोझेन्थालच्या संस्थापकांचे पुत्र फिलिप यांनी १९६१ मध्ये ‘स्टुडिओ-लिनिए’ ही मालिका सुरू केली आणि समकालीन कलावंतांना कारखान्यात बोलावले. हाइन्झ माक व ओटो पीने यांनी १९५७ मध्ये ड्युसेलडॉर्फला स्थापलेला ‘झिरो’ गटही त्याच सुमारास पांढरा रंग, प्रकाश आणि पृष्ठभागाची लय यांचेच प्रयोग करीत होता. कलादालनातील ही हवा दिवाणखान्यातील कपाटापर्यंत पोहोचली, असे म्हणता येईल.

केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचे पातळ मिश्रण प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेते, भिंतीवर मातीचा थर धरतो आणि उरलेले मिश्रण ओतून काढले जाते. सुमारे १,४०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वस्तू जवळजवळ एक-षष्ठांशाने आकसते. साचा वापरून झिजतो, तशा नक्षीच्या कडाही बोथट होत जातात. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन फुलदाण्या शेजारी ठेवल्यास एक धारदार आणि दुसरी मऊ दिसू शकते. जाणकाराने पहिलीच निवडावी.

यांतील पुष्कळ फुलदाण्यांना बाहेरून ग्लेझचा काचेसारखा लेप दिलेला नसतो. तो फक्त आत, पाणी धरण्यापुरता असतो. अशा मॅट पृष्ठभागाला ‘बिस्किट’ म्हणतात. चकचकीत लेपावर प्रकाशाचे ठिपके उमटून नक्षी तुटते. बिस्किटवर सावली मखमलीसारखी पसरते. पण हेच सौंदर्य तिचे दुखणेही आहे. हा पृष्ठभाग पाणी शोषत नसला, तरी सूक्ष्म खरखरीतपणामुळे बोटांचा तेलकटपणा आणि धूळ खाचांमध्ये धरून ठेवतो. अंगठी वा चमचा घासला, तरी धातूची करडी रेघ उमटते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढेच पुरेसे. घासणीने चोळले, की कडा कायमच्या जातात. डागांवर पांढरा रंग फासणारे महाभागही असतात! तसा रंग कालांतराने पिवळा पडतो आणि खाचा बुजवतो त्या वेगळ्याच.

खरेदीपूर्वी फुलदाणी उलटी करून पाहावी. कारखान्याची मुद्रा आणि बऱ्याचदा नमुन्याचा क्रमांक तळाशी असतो. ‘वेस्ट जर्मनी’ असा उल्लेख असल्यास वस्तू साधारणतः १९४९ ते १९९० या काळातील समजावी. कलावंताच्या नावाबाबत मात्र सावध राहिलेले बरे. रोझेन्थालसाठी काम करणारे मार्टिन फ्रायर आणि काइझरचे मानफ्रेड फ्राय यांच्या नावांत सहज गल्लत होते. काइझरच्या अनेक फुलदाण्यांवर मुद्रेसोबत फ्राय यांचे नाव छापलेले आढळते. काहीच छापलेले नसेल, तर केवळ विक्रेत्याच्या शब्दावर जादा पैसे मोजू नयेत.

मांडणीत समोरून पडणारा झोत सर्वांत घातक, कारण तो सगळ्या सावल्या पुसून टाकतो. प्रकाश एका बाजूने, तिरपा यावा; खिडकीलगतची फळी याकरिता उत्तम. मागील भिंत करडी किंवा गडद असल्यास बाह्यरेषा उठून दिसते. दहा-बारा फुलदाण्यांची दाटी करण्यापेक्षा वेगवेगळ्या उंचीच्या तीन-चार, एकमेकींची सावली अंगावर पडणार नाही इतक्या अंतरावर ठेवाव्यात. फुले ठेवायचीच असतील, तर एखादी उंच काडी पुरे. गुच्छ भरला, की पाने खाली लोंबतात आणि नक्षी झाकून टाकतात.